उन्हात दिसणारा मॉनिटर

२ मे २०१९, गुरुवार

आज सुदर्शनच्या स्टुडिओत माझं चित्रण मोठ्या पडद्यावर लावलं आणि मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. चाळीस मिनिटांतलं कामाचं निघालं सहा मिनिटं. आबा चालत येतात तो शॉट धूसर, त्यांच्या मागची बाभळ मात्र काट्यांसकट स्वच्छ. दुसऱ्या शॉटमध्ये आबांचं धोतर, पटका आणि मागचं रान सगळं एकाच पांढऱ्या उजेडात जळून गेलंय, मधे नुसता काळा चेहरा तरंगतोय. सुदर्शन म्हणाला, "फोकस मागं गेलाय." जसं काही मला डोळेच नाहीत. तिथं दिसलं असतं तर इथं येऊन बघायची वेळ आली असती का?

कॅमेऱ्याच्या पाठीवरचा स्क्रीन काडेपेटीपेक्षा जरा मोठा. दुपारी बाराच्या उन्हात त्यात काळं पाणी दिसतं आणि त्या पाण्यात आपलंच तोंड. अंदाजानं रिंग फिरवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. लग्नाच्या हॉलमध्ये हे खपून जातं, रानात नाही. कॅमेऱ्यावर वेगळा बसवायचा मॉनिटर लागतो, उन्हात दिसेल असा. तो आल्याशिवाय मी आता रानात पाय ठेवणार नाही. मागच्या रविवारी तिथली माणसं मला हसली. "कारभारीची पोरगी काचंत तोंड बघती," म्हणाली. कारभारी म्हणजे माझे वडील, आबा. पुन्हा ती संधी कुणाला द्यायची नाही.

डोकं शांत करायला सगळं नीट लिहून काढते. पुण्यातल्या एका संस्थेनं दुष्काळावर लघुपट मागवलेत, पाच जूनपर्यंत. निवडला गेला तर माझ्या नावावर पहिली फिल्म. सहा वर्षं मी लोकांच्या हळदी शूट केल्या, नाव कायम सुदर्शनच्या स्टुडिओचं. आणि विषय तर माझ्या घरातच आहे. आबा यंदा मेंढरं विकायला काढतायत. सगळी, चौऱ्याहत्तर. देवगाव रंगारीहून निघून दौलताबादच्या पायथ्यानं चरत चरत यायची त्यांची वाट होती. तिथं आता प्लॉटिंगच्या तारा आणि कमानी झाल्यात. त्यात यंदा पाणी नाही. चितेगावच्या मागं, कंपन्यांच्या भिंती संपतात तिथं आबा आणि माय बिऱ्हाड टाकून बसलेत.

आमच्या घरात मुलगी झाली की बारशाला तिच्या नावानं एक कोकरी सोडतात. तिची पिलं, त्यांची पिलं, सगळी त्या मुलीची. ओळखायला डाव्या कानाला चीर देतात. आज त्या चौऱ्याहत्तरांत तेहतीस माझ्या आहेत. लेकीची मेंढी विकायची तर लेकीनं येऊन तिच्या कपाळाला हळद लावायची आणि आपल्या हातानं तिला सोडायचं. तोच माझ्या फिल्मचा शेवट आहे.

संध्याकाळी आबांना फोन केला. मॉनिटर येईपर्यंत थांबा, आठ दिवस लागतील, तोवर एकही विकू नका, मला फ्रेममध्ये पूर्ण कळप पाहिजे, असं सांगितलं. आबा म्हणाले, "बरं. तुझं झालं की सांग."

४ मे

सुदर्शननं कुणाकडून तरी पाच इंची मॉनिटर मागून आणला. साडेचारशे निट्स. निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप, जितके जास्त तितकं उन्हात दिसणार. "भरपूर झालं," म्हणाला. मी दुपारी तो गच्चीवर नेला. तिथं मनकर्णाबाईंच्या कुरडया वाळत होत्या. मनकर्णाबाई म्हणजे मुकुंदवाडीतलं हे घर ज्यांचं आहे त्या. नळ सहाव्या दिवशी येतो, तरी कुरडया व्हायलाच पाहिजेत.

कॅमेरा कुरडयांवर रोखला. मॉनिटरमध्ये मला माझं नाक दिसलं, घामेजलेलं. कुरडई दिसलीच नाही. काच अशी गुळगुळीत की समोर बसून वेणी घालावी. मनकर्णाबाई जिन्यातून विचारतात, "टीव्ही लागत नाय का गं?" साडेचारशे निट्स म्हणे. विकणाऱ्याला ह्या गच्चीवर अनवाणी उभं करायला पाहिजे.

७ मे

आज दुकानात गेलो. बोलत मी होते, दुकानदार उत्तरं सुदर्शनला देत होता. मी विचारलं, काच खरखरीत आहे का, चकाकते? तो सुदर्शनला म्हणाला, "भैया, एकदम टॉप क्वालिटी है." मी विचारलं, ह्याची बॅटरी किती वेळ चालते? तो म्हणाला, "भैया, शादीचं अख्खं काम निघतं." मी म्हटलं, कॅमेरा माझा आहे, शूट मी करणार आहे, हा फक्त गाडी चालवून आलाय. तेव्हा साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला हलका पीस दाखवू का? लेडीजला वजन होतं."

दोन वर्षांची असल्यापासून मी कोकरं उचलतेय. वजन म्हणे.

सात इंची मॉनिटर होता, हजार निट्सचा. एसीत, निळ्या ट्यूबलाइटखाली काय झकास दिसत होता. असा तर लग्नाच्या स्थळाला पाठवलेला माझा फोटोपण झकास दिसतो. मी म्हटलं, बाहेर रस्त्यावर नेऊन बघते. "बाहर नहीं ले जाते, मॅडम, डिस्प्ले का पीस है." उन्हात वापरायची वस्तू उन्हात बघायची नाही हा कुठला न्याय? मी उचलला आणि चालायला लागले. तो मागं, सुदर्शन त्याच्या मागं. उड्डाणपुलाच्या खांबाशेजारी भर उन्हात धरून पाहिला. दिसत होतं. छान नाही, पण दिसत होतं. फळवाल्याची टरबुजं हिरवी दिसली. शेवटी दोन-तीन दिवस वापरून बघायला द्यायला तो कबूल झाला, तेही सुदर्शनच्या शब्दावर. माझ्या शब्दाला तिथं काही किंमत नाही.

८ मे

आबांचा फोन. दोन गेल्या म्हणाले. दर उन्हाळ्यात दोन-चार जातातच. मी त्यांना निट्स समजावून सांगत होते तर मधेच म्हणाले, "मपलं घोंगडं घे की डोक्यावर. कॅमेरा अन् तू आत. अंधार झाल्यावर दिसंल ना त्यात." मला इतका राग आला. मी घोंगड्याखाली शिरून वाकलेय आणि भोवती माणसं दात काढतायत, हे त्यांच्या डोळ्यांपुढं येतच नाही. सहा वर्षं शहरात राहून मी काय कमावलं मग? म्हटलं, "आबा, तुम्ही मेंढरं बघा, हे मला बघू द्या."

"बरं," म्हणाले.

११ मे

दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी राजनंदिनी आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं लग्नाआधीचं शूट. सात इंची सोबत नेला, पारखायला यापेक्षा चांगलं ऊन कुठं मिळणार. सकाळी उत्तम. फोकस कुठं आहे ते दिसतं, उजेड मर्यादेबाहेर जाऊन चित्र जळायला लागलं की तिथं पट्टे दाखवतो. मला वाटलं, झालं, हाच घ्यायचा. सव्वा वाजता नवरदेवानं राजनंदिनीला उचललं आणि त्याच क्षणी मॉनिटर बंद. काळाठिक्कर. पाठीवर हात ठेवला तर तवा. गरम झाला की आपोआप बंद होतो, म्हणजे उन्हात दिसतो पण उन्हात चालत नाही. नवरदेव तसाच उचलून उभा, हात थरथरायला लागले, राजनंदिनी म्हणते, "ताई, लवकर." मी काय लवकर करणार? तो थंड व्हायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर तिचे मामा विचारतायत, "ह्या मॅडमच घेणार का शूटिंग, का कुणी येणारंय?"

परत करते हा. शिवाय त्या दुकानदाराला तोंडावर सांगते.

१३ मे

आबांचा फोन. फकिरा व्यापारी टेम्पो घेऊन आला होता. सगळा कळप उचलतो म्हणाला. आबांनी विचारलं, "मपल्या-मपल्या देऊन टाकू का त्याला? तुझ्या ठिवतो, तू आल्याबिगर त्या काय हलत नाय."

मी नाही म्हटलं. एक्केचाळीस गेल्यावर तेहतीस मेंढ्यांचा काय कळप? ती तर फक्त रिकामी फ्रेम. इतक्या दिवसांची माझी सगळी धडपड कशासाठी मग? आबांना मी नीट समजावलं, ते लगेच समजले. फकिरा आता कधी येईल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. व्यापारी काय, विकायचं म्हटलं की दारात उभे असतात.

आबांचं एक बरं आहे. एकदा सांगितलं की वाद घालत नाहीत. त्यांनाही फिल्मची हौस असणार, दाखवत नाहीत इतकंच.

१६ मे

आज दोघांशी भांडण झालं, एक माय आणि दुसरा सुदर्शन.

मायनं कुणाचा तरी फोन मागून घेतला होता. "तुझा बाप तुला काय सांगणार नाय, म्हणून मी सांगती," इथून सुरुवात. टँकर माणसांसाठी येतो, त्यातून चार बादल्या मेंढरांना मिळतात. छावणी आहे ती गाई-म्हशींची, मेंढरांना तिथं कुणी उभं करत नाही. "रोज एखाद-दुसरी जाती बघ. तुला कव्हा यायचंय?" मी म्हटलं, आठवडाभरात. माय म्हणाली, "आठ दिस तर मागंच झाले." मग माझाही आवाज चढला. मी काय इथं फिरायला राहिलेय? सकाळी सात ते रात्री नऊ लोकांच्या लग्नांत उभी असते. मायला माझ्या जन्मापासून सगळ्याची घाई आहे. एखाद-दुसरी म्हणजे नक्की किती तेही सांगता येत नाही तिला, नुसतं घाबरवायचं.

सुदर्शनला हे सांगितलं तर तो कोण मोठा शहाणा. "उद्याच जा ना. छत्री लाव, नाहीतर सकाळी सातला शूट कर. जमेल तेवढं." जमेल तेवढं हाच त्याचा बाणा. त्याच्या घरचं शेत रस्त्यात गेलं, तिथं आता दुकानांची रांग आहे. त्याला काय जमेल तेवढं करायला. मी म्हटलं, सकाळी सातला मऊ उन्हात रान सुंदर दिसतं. मला दुपार पाहिजे, जशी आहे तशी. तो म्हणाला, "तुला मॉनिटर पाहिजे का फिल्म पाहिजे, एकदा ठरव."

मी त्याला स्टुडिओच्या दारातून बाहेर जा म्हटलं. मग लक्षात आलं की स्टुडिओ त्याचा आहे. मीच निघून आले.

१७ मे

मुंबईहून मागवला. साडेपाच इंची, बावीसशे निट्स, खरखरीत काच, आत छोटा पंखा, पंचेचाळीस अंशांपर्यंत चालतो असं कागदावर लिहिलंय. लग्नसराईचं सगळं त्यात गेलं. तीन दिवसांत येईल. मोठा नको, चकचकीत नको, फक्त उजेड आणि गरम होऊन बंद न पडणं. पंधरा दिवस डोकं फोडल्यावर मला एवढं कळलं. हे दुकानदारानं पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? पण त्याला तर लेडीजच्या वजनाची काळजी.

आबांना कळवलं. म्हटलं, मेंढरं कशी आहेत? म्हणाले, "हायेत." बघा, आणि माय म्हणे रोज जातात.

२१ मे

कुरिअरवाल्यानं काल "घर बंद होतं" असा शेरा मारून पार्सल परत नेलं. मनकर्णाबाई दिवसभर दारात डाळ निवडत बसल्या होत्या. आज मी कुरिअरच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. तिथला माणूस म्हणाला, उद्या गाडीवर टाकतो. मी म्हटलं, माझं पार्सल हे इथं तुझ्या पायाशी दिसतंय. तो म्हणाला, सिस्टीममध्ये ते गाडीत आहे. माझा असा तिळपापड झाला की रांगेतले सगळे गप्प झाले. शेवटी दिलं त्यानं.

घरी येऊन उघडलं. कॅमेऱ्याला लागणारी केबल बारीक तोंडाची, ह्यात आलीय जाड तोंडाची. मी केबल भिंतीवर फेकली. मनकर्णाबाई खालून म्हणाल्या, "भांडी पडली का?"

२२ मे

पैठण गेटला चौथ्या दुकानात केबल मिळाली. दुपारी एकला गच्चीवर. देवा, काय दिसतंय. कुरडईचा एकेक धागा. समोरच्या टाकीवरच्या कावळ्याची पापणी. डोक्यावर ऊन ओततंय आणि पडद्यावर सगळं जिथल्या तिथं. दीड तास चालू ठेवला, बंद पडला नाही. इतके दिवस चिडचिड केली पण मी बरोबर होते. सुदर्शनला एक शब्द न बोलता फोटो पाठवला.

आबांना तीनदा फोन केला, उचलला नाही. रेंज नसेल.

२३ मे

आज निवडणुकीचा निकाल. सुदर्शनची गाडी मिरवणुकीच्या शूटला, रस्ते बंद, सगळीकडं गुलाल. ट्रायपॉड आणि बॅगा घेऊन मी बसनं कशी जाणार? आणखी एक दिवस गेला. ह्या शहरात नाचायची वेळ आली की पाणी कुठून येतं कोण जाणे, डीजेपुढं टँकरनं फवारे मारत होते.

२४ मे, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते.

सुदर्शननं साडेदहाला चितेगावच्या मागं सोडलं. तो गाडीतच थांबला. माय चुलीपाशी होती, तिनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी म्हटलं नंतर समजूत काढू, आधी ऊन डोक्यावर यायच्या आत मांडणी करू. ट्रायपॉड लावला, मॉनिटर बसवला. आबांना म्हटलं, त्या बाभळीकडून मेंढरं घेऊन सरळ माझ्याकडं चालत या. कॅमेऱ्याकडं बघू नका.

आबा आले. पडद्यावर त्यांच्या भुवईचा एकेक केस दिसत होता, पटक्याची एकेक घडी. एवढं स्वच्छ चित्र मी आजवर घेतलेलं नाही. पण फ्रेम रिकामी वाटत होती. मी ओरडले, "आबा, सगळ्या आणा. मागं राहिल्यात."

आबा थांबले. "ह्याच हायेत," म्हणाले.

मी डोळे वर करून रानाकडं पाहिलंच नाही. पडद्यावरच मोजल्या. सदतीस. पुन्हा मोजल्या. बरगड्या दिसत होत्या, त्याही स्वच्छ. मग मी आबांवर ओरडले, हेही लिहून ठेवते. मला सांगितलं का नाही, फोन कशाला असतो, मी विचारलं तेव्हा "हायेत" का म्हणालात. आबा म्हणाले, "तू थांब म्हणली व्हतीस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला आणखी राग आला. चुलीपासून माय म्हणाली, "मी सांगितलं व्हतं हिला. हिला डोळ्याचं यंत्र पायजे व्हतं."

मेंढ्या कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या होत्या. पडद्यावर एक कान आला, डावा, चिरलेला. मग दुसरा, चिरलेला. मी कॅमेरा हळूहळू फिरवत गेले. चिरलेला, चिरलेला, चिरलेला. बिनचिरेच्या फक्त पाच निघाल्या. एक्केचाळीसातल्या पाच.

मी कॅमेरा वर उचलून आबांवर आणला आणि त्यांच्याकडं पाहिलं. ते म्हणाले, "पाणी चारच बादल्या मिळायचं. तुझ्या आधी पाजल्या. पालाबी आधी त्यांलाच. लेकीचा माल राखायला ठिवलेला, त्याला धक्का कसा लागू देयाचा? मपल्याला मंग, उरलं तर."

मी मेंढ्यांच्या कानांकडं बघत राहिले. माझीच मला शिसारी आली. आबांना वाटलं मी हिशोब करतेय. ते दोन पावलं पुढं आले, काठी बगलेत धरली आणि पटका काढून हातात घेतला. मी माझ्या बापाला कुणापुढं पटका काढताना कधी पाहिलं नव्हतं. जमीनदारापुढं नाही, पोलिसापुढं नाही.

"तेहतीस व्हत्या तुझ्या," म्हणाले. "एक गेली, परवाच्या दिशी. लई केलं, रातभर मांडीवर घेऊन बसलो, नाय उठली. तेवढी चूक पदरात घे, बाय."

मायनं हळदीची वाटी आणून माझ्यापुढं ठेवली. मी बत्तीस कपाळांना हळद लावली. आबा एकेक मान धरून पुढं करत होते. शेवटची झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता इकू का?"

"इका," म्हटलं.

घरी येऊन चित्रण तपासलं. कॅमेरा सगळा वेळ चालू होता. पटका हातात घेतल्यापासून शेवटपर्यंत फोकस आबांच्या डोळ्यांवर आहे, कुठंही हललेला नाही.